पहाटे गाडी का रुसते?



पौषातली पहाट आहे असे समजा. चारचा सुमार. अंगणात दव पडलेले, घरात दिवे लागलेले. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे आणि तिला कळा सुरू झाल्या आहेत. तालुक्याचे रुग्णालय वीस-बावीस किलोमीटरवर. दारात जीप उभी आहे. घरधनी धावत जातो, चावी फिरवतो, तर गाडी नुसती ‘घर्र... घर्र...’ करते आणि गप्प बसते. पुन्हा चावी, पुन्हा तेच. शेवटी ‘टक्’ असा एकच आवाज येतो, आणि मग तोही येत नाही.

अशा वेळी पहिले काम कोणते? गाडीचा नाद सोडून १०८ क्रमांकाला फोन करणे. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिकेची सोय २०१४ सालापासून आहे. शेजाऱ्याची गाडी मिळत असेल तर तीही मागवावी. माणूस आधी, यंत्र नंतर. एवढे सांगून मग मी आजच्या विषयाला हात घालतो.

खेडोपाडी असा प्रसंग अनेकांवर आलेला आहे. कुणाची भाजी बाजाराला वेळेवर पोचली नाही, कुणाच्या मुलाची परीक्षेची गाडी चुकली. पण मंडळी, एक गोष्ट ध्यानात घ्या. गाडी बहुधा अशी एकाएकी रुसत नाही. आठ-पंधरा दिवस आधीपासून ती सांगत असते. एरवी अर्ध्या गिरकीत लागणारे इंजिन चार-पाच गिरक्या घेऊ लागते. आपण म्हणतो, ‘थंडी आहे, चालायचंच!’ आणि ते दुखणे अंगावर काढतो. मग एक दिवस गाडी अडते आणि आपण घाईघाईने बॅटरी नवी घेतो, तीही पुरत नाही म्हणून सेल्फ बदलतो, मग पंप. पैसा जातो आणि दुखणे तिथेच राहते. गाडीचे दुखणे ओळखायचे तर खिशात हात घालण्याआधी कान द्यावा लागतो. तो कोणत्या क्रमाने द्यायचा, एवढेच आज सांगायचे आहे.

आधी इंजिन लागते कसे ते पाहू. चूल पेटवायला काय लागते? सरपण, वारा आणि काडी. इंजिनालाही हीच तीन लागतात. पेट्रोल किंवा डिझेल हे सरपण, बाहेरची हवा हा वारा. काडीचे काम पेट्रोलच्या गाडीत प्लगची ठिणगी करते. डिझेलच्या गाडीत ठिणगी नसते. तिथे हवाच इतकी दाबली जाते, की दाबाने ती तापते. सायकलच्या चाकात हवा भरताना पंप खालच्या बाजूला गरम लागतो ना? तसेच हे. डिझेल इंजिनात हवा पंधरा-वीस पट दाबली जाते, तिचे तापमान पाचशे अंशांच्या वर जाते आणि त्यात डिझेलचा फवारा पडला की तो आपोआप पेट घेतो.

मात्र चुलीत आणि इंजिनात एक फरक आहे. इंजिनाला पहिला श्वास आपला आपण घेता येत नाही. कुणीतरी त्याला फिरवावे लागते. पूर्वी मोटारीला पुढून लोखंडी हँडल मारीत. ते उलटे फिरले की मनगट मोडायचे. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी १९११ साली विजेवर चालणारा स्टार्टर करून दाखवला आणि १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारीत तो आला. त्यालाच आपण ‘सेल्फ’ म्हणतो. तो ज्या शिशाच्या बॅटरीवर चालतो, ती फ्रान्समध्ये गास्तों प्लांते यांनी १८५९ सालीच शोधली होती. म्हणजे फिरवणे, सरपण, वारा आणि काडी अशा चार गोष्टी झाल्या. चारांपैकी एक जरी कमी पडली तरी गाडी लागत नाही. आपले सगळे निदान या चारांतच आहे.

मग हे पहाटेच का घडते? याला दोन कारणे आहेत आणि ती वेगळी ओळखली पाहिजेत. पहिले कारण थंडी. निफाडकडे द्राक्षाच्या भागात थंडीच्या लाटेत पारा पाच अंशांच्या खाली उतरतो. बॅटरीतली वीज रासायनिक क्रियेतून येते आणि थंडीत ती क्रिया मंदावते. शून्य अंशाजवळ बॅटरीची ताकद साधारण पाचातला एक हिस्सा तरी कमी होते. त्याच वेळी इंजिनातले तेल काकवीसारखे घट्ट होते. म्हणजे बैल अशक्त झाला आणि नांगर जड झाला. शिवाय गार पेट्रोलची वाफ नीट होत नाही, आणि डिझेल इंजिनात दाबलेल्या हवेची ऊब गार लोखंड शोषून घेते.

दुसरे कारण म्हणजे गाडी रात्रभर उभी होती. उभ्या गाडीत इंधन नळीतून मागे टाकीकडे उतरते, एखादा दिवा किंवा यंत्र चोरून वीज खात राहते, तारांवर दव बसते. आता या दोहोंपैकी दोष कशाचा? त्याला बिनपैशाची परीक्षा आहे. सकाळी नऊला गाडी बंद करा आणि उन्हाच्या दिवशी संध्याकाळपर्यंत तशीच उभी ठेवा. संध्याकाळी हवा उबदार असूनही गाडीने तोच त्रास दिला, तर दोष थंडीचा नाही, उभे राहण्याचा आहे. त्रास झाला नाही, तर थंडीकडे बघा. ही एक परीक्षा तुमचा निम्मा शोध वाचवते.

कुणी म्हणतील, ‘थंडीनं डिझेलच गोठलं असेल.’ आपल्याकडच्या थंडीत डिझेल गोठत नाही. लडाखसारख्या ठिकाणी ते गोठते. म्हणूनच इंडियन ऑइलने २०१९ साली तिकडे उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे खास हिवाळी डिझेल आणले. तेव्हा आपल्या गावात गाडीखाली शेकोटी पेटवण्याचे काही कारण नाही. उलट, त्यात गाडीसकट घर पेटण्याचा धोका आहे.

आता गाडीपाशी जाऊ आणि पहिला प्रश्न विचारू. चावी फिरवल्यावर इंजिन नेहमीच्या वेगाने फिरते का? याचे उत्तर ‘नाही’ असेल, तर इंधन, प्लग, फिल्टर यांना हात लावू नका. दोष विजेच्या वाटेवर आहे: बॅटरी, तारा, सांधे आणि सेल्फ. उत्तर ‘हो, फिरते झकास, पण लागत नाही’ असे असेल, तर बॅटरी आणि सेल्फ निर्दोष आहेत. तिथे नवी बॅटरी आणणे म्हणजे पोट दुखत असताना डोक्याला बाम चोळणे.

समजा, इंजिन फिरत नाही किंवा कुंथत फिरते. मग गाडीचे पुढचे दिवे लावा आणि कुणाला तरी समोर उभे करून चावी फिरवा. दिवे अगदी मंद झाले किंवा विझले, तर बॅटरी उतरली आहे, नाहीतर एखादा सांधा सैल आहे. दिवे ढणढणीत राहिले आणि सेल्फचा आवाजच नाही, तर वीज सेल्फपर्यंत पोचतच नाही किंवा सेल्फ ती घेत नाही. आवाजही ऐका. ‘कटकटकटकट’ असा भराभर आवाज आला, की बहुधा बॅटरी कमजोर. एकच जोराचा ‘टक्’ आला आणि पुढे काही नाही, तर सेल्फवरचा सोलेनॉइड, सेल्फ किंवा जाड तारेचा सांधा यांच्यावर संशय धरा.

वीस लिटर पाणी घागरीत आहे, पण घागरीचे तोंड चिंचोळे आहे, तर आग विझवायला त्या पाण्याचा उपयोग होईल का? सेल्फला वीज थोडीच लागते, पण ती एकदम लागते. शिक्षक मंडळींनी हा हिशेब वर्गात जरूर घ्यावा. लहान मोटारीचा सेल्फ दीडशे अँपिअर घेतो आणि दोन सेकंद फिरतो असे धरा. दीडशे गुणिले दोन म्हणजे तीनशे अँपिअर-सेकंद. भागिले ३६००, म्हणजे अँपिअर-तासाचा बारावा हिस्सा झाला. बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असते. म्हणजे एका वेळच्या सुरुवातीला तिच्या पोटातली नखभर वीज लागते. पण दीडशे अँपिअरचा लोंढा जायला वाट मोकळी हवी. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी साचली की ती वाट चिंचोळी होते. बारीक दिवा लागतो, हॉर्न वाजतो, म्हणून आपण म्हणतो ‘बॅटरी चांगली आहे’. पण दिवा एखाद-दोन अँपिअरवर भागवतो. सेल्फचे तसे नाही.

आमच्या ओळखीच्या एका बागायतदाराची गोष्ट सांगतो. त्यांचा भाजीचा टेम्पो पहाटे लागेना. दुपारी मात्र बिनतक्रार लागायचा. त्यांनी नवी बॅटरी घेतली. आठ दिवस बरे गेले, पुन्हा तेच. मग सेल्फ खोलून दुरुस्त केला. पुन्हा तेच. अखेरीस एका जुन्या फिटरकडे गेले. त्याने पाना हातात घेतलाच नाही. म्हणाला, ‘मालक, आधी चावी फिरवा, मला ऐकू द्या.’ चार-पाचदा फिरवायला लावून त्याने इंजिन आणि चासी यांना जोडणाऱ्या अर्थच्या पट्टीला हात लावला. पट्टीचे टोक चांगलेच तापले होते. ते खोलले तर आत तेल, माती आणि गंज. पॉलिश पेपरने घासले, बोल्ट आवळला, आणि टेम्पो लागला. खर्च पॉलिश पेपरचा! मग नवी बॅटरी आठ दिवस कशी चालली? ती ताजी होती, म्हणून खराब सांध्यातूनही जोर लावून वीज ढकलत होती. जोर जरा ओसरला आणि दुखणे पुन्हा वर आले. गुण आला म्हणजे रोग सापडला असे नव्हे.

तेव्हा बॅटरी बदलण्याआधी सांधे साफ करा. इंजिन बंद करून आधी वजा खुणेची, म्हणजे काळी तार सोडवा. मग अधिक खुणेची, म्हणजे तांबडी. लावताना उलट: आधी तांबडी, मग काळी. असे का? काळी तार जोडलेली असताना तांबडीवरचा पाना गाडीच्या पत्र्याला टेकला, तर ठिणग्या उडतात आणि भाजते. बुरशीवर कोमट पाण्यात कालवलेला खायचा सोडा टाका. फेस येईल, तो पाण्याने धुवा. पण ते पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका. कोरडे करून तार घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा. हाताने हलवल्यावर टर्मिनल किंचितही फिरता कामा नये.

पाण्याच्या बॅटरीत पातळी खुणेपर्यंत ठेवा. त्यासाठी फक्त डिस्टिल्ड वॉटर वापरा. विहिरीचे किंवा नळाचे पाणी नको, आणि वरून आम्लही नको. बॅटरीपाशी विडी-काडी करू नका, कारण चार्ज होताना ती जळणारा हायड्रोजन वायू सोडते. आम्ल डोळ्यात उडाले तर चोळू नका. निदान पंधरा-वीस मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरा आणि लगेच डॉक्टरांकडे जा.

शाळेच्या प्रयोगशाळेत साधा मल्टिमीटर असतोच. तोच इथे कामाला येतो. पहाटे गाडीचे दारसुद्धा उघडण्याआधी बॅटरीचा दाब मोजता आला तर उत्तम. १२.६ व्होल्ट असेल तर बॅटरी भरलेली, १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी, आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. सेल्फ फिरत असताना आकडा साडेनऊच्या खाली घसरला, तर बॅटरी थकली आहे. इंजिन चालू झाल्यावर तो साधारण पावणेचौदा ते साडेचौदा दिसला पाहिजे. तसा तो चढला नाही, तर बॅटरीचा दोष नाही. अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा तिला भरत नाही. जुने कारागीर चालू गाडीच्या बॅटरीची तार काढून अल्टरनेटर तपासायचे. आजच्या गाडीत असे कधीही करू नका. संगणकाची महाग पेटी जळू शकते.

बॅटरी भरलेली ठेवली तरी सकाळी रिकामी सापडते, तर रात्री कोण वीज खाते ते शोधा. डिकीतला पाच वॅटचा दिवा चालू राहिला, तर तो सुमारे ०.४ अँपिअर घेतो. बारा तासांत पाच अँपिअर-तास झाले. चार रात्रींत वीस, म्हणजे लहान बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी. मोबाइलचा चार्जर, मागून बसवलेला बाजा, गाडीचा ठावठिकाणा सांगणारे यंत्र, हे सगळे असेच रातकिडे आहेत. आणि दुसरेही एक कारण: रोज फक्त फाट्यापर्यंत दोन किलोमीटर जाऊन येणाऱ्या गाडीची बॅटरी भरतच नाही. खर्च रोजचा, मिळकत नाही. मग दिवाळे निघणारच. बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षे टिकते. तिच्यावरची तारीख पाहून ठेवा. आयुष्य सरले असेल आणि सांधे स्वच्छ करूनही आकडे सुधारत नसतील, तर नवी घ्या. तो खर्च वाया गेला असे नाही.

आता दुसरी बाजू. इंजिन झकास फिरते, पण पेटत नाही. इथे डिझेल आणि पेट्रोल यांच्या वाटा वेगळ्या होतात.

डिझेलच्या गाडीत धूर बघा. कुणाला तरी सायलेन्सरच्या मागे, जरा लांब उभे करा. इंजिन फिरताना पांढरा धूर येत असेल, तर डिझेल आत पोचते आहे, पण पेटत नाही. म्हणजे ऊब कमी पडते. धूर मुळीच नसेल, तर डिझेल पोचतच नाही. पुष्कळ डिझेल गाड्यांत ऊब देण्यासाठी हीटर प्लग असतात. चावी अर्धी फिरवली की समोर वेटोळ्या तारेसारखे चित्र पेटते. ते विझेपर्यंत थांबून मगच सेल्फ मारायचा असतो. घाईत आपण तेवढे थांबत नाही आणि गाडीला दोष देतो. गाडी लागल्यावर दोन-चार मिनिटे थडथडते, पांढरा धूर सोडते आणि मग सुरळीत होते, असे असेल तर चारांपैकी एखादा हीटर प्लग निकामी झाला असण्याचा संभव फार.

धूरच नसेल तर फिल्टरपाशी असलेला हातपंप आठवा. तो घट्ट होईपर्यंत दाबा आणि मग सेल्फ मारा. गाडी चटकन लागली, तर रात्री डिझेल मागे उतरले आणि नळीत हवा शिरली, हे सिद्ध झाले. यालाच आपण ‘इंजिन एअर घेतंय’ म्हणतो. मग इंजेक्टर किंवा मोठा पंप खोलू नका. टाकीपासून फिल्टरपर्यंतच्या नळ्या, त्यांच्या पट्ट्या आणि वॉशर तपासा. डिझेल बाहेर गळत नसले तरी हवा आत शिरू शकते. फिल्टरच्या तळाशी पाणी साचते, तेही वेळोवेळी सोडावे. नव्या गाड्यांत डिझेलचा दाब शेकडो पट वाढवलेला असतो. त्या बारीक नळ्या चालू इंजिनावर सैल करायला जाऊ नका. ती धार कातडी भेदून आत जाते.

पेट्रोलच्या गाडीत, चावी सेल्फच्या आधीच्या टप्प्यावर नेली की मागे टाकीत दोन-तीन सेकंद ‘ऊंऽऽ’ असा बारीक आवाज येतो. तो पेट्रोल पंपाचा. आवाज नसेल तर फ्यूज, रिले, पंप या क्रमाने बघा. आवाज असेल तर चावी चालू-बंद अशी तीनदा करा, प्रत्येक वेळी तो आवाज संपू द्या, आणि मग सेल्फ मारा. आता गाडी पटकन लागली, तर रात्री नळीतला दाब ओसरत होता. पंपातली झडप किंवा एखादा गळका इंजेक्टर याचे कारण असते. फिटरला नुसते ‘सकाळी लागत नाही’ सांगण्याऐवजी हे सांगा. त्याचे चार तास आणि तुमचे चार पैसे वाचतील.

पंप ठीक असेल तर ठिणगी पाहा. प्लग काढल्यावर तोंड फिकट तपकिरी असेल तर ठीक. काजळी धरली असेल किंवा पेट्रोलने ओले असेल, तर ठिणगी कमजोर किंवा पेट्रोल जास्त. ओले असेल तर पायाने अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि पाच-सात सेकंद सेल्फ मारा. बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत त्यामुळे जादा पेट्रोल थांबते आणि इंजिन कोरडे होते. गाडीच्या संगणकाला इंजिन किती गार आहे हे सांगणारा एक सेन्सर असतो. तो खोटे बोलू लागला की गार इंजिनाला पुरेसे पेट्रोल मिळत नाही. गाडी पहाटे अडते आणि गरम झाली की शहाण्यासारखी वागते.

सीएनजीच्या गाडीवाल्यांना एक सांगणे. यातल्या पुष्कळशा गाड्या पहाटे आधी पेट्रोलवर लागतात आणि ऊब आली की गॅसवर जातात. म्हणून टाकीत घोटभर, तेही सहा-सहा महिन्यांचे पेट्रोल ठेवणे हा कंजूसपणा महागात पडतो. पंपाला गार ठेवण्याचे कामही तेच पेट्रोल करते. हल्ली पेट्रोलमध्ये उसापासून किंवा धान्यापासून केलेले इथेनॉल असते. ते पाणी ओढून घेते. तेव्हा जुने पेट्रोल साठवू नका आणि टाकीचे झाकण घट्ट ठेवा.

आणि हो, उंदीर! सुगीनंतर गोठ्याशेजारी उभ्या केलेल्या गाडीत उंदीर घर करतात, तारा कुरतडतात, हवेच्या फिल्टरमध्ये कापूस-काड्या भरून ठेवतात. काल धडधाकट असलेली गाडी आज एकाएकी मुकी झाली, तर बोनेट उघडून आधी लेंड्या दिसतात का ते पाहा.

अडल्या वेळी काय करावे? सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. मध्ये अर्धा-एक मिनिट दम घेऊ द्या, नाहीतर सेल्फही जळेल आणि बॅटरीही बसेल. दुसऱ्या गाडीची वीज घ्यायची तर तिची बॅटरीही १२ व्होल्टचीच असली पाहिजे. तांबडी तार आधी आपल्या बॅटरीच्या अधिक टोकाला, मग मदतीच्या बॅटरीच्या अधिक टोकाला लावा. काळी तार मदतीच्या बॅटरीच्या वजा टोकाला, आणि तिचे शेवटचे टोक आपल्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. धक्का मारायचा तर रस्ता सपाट आणि मोकळा हवा. इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात, हे विसरू नका. आपोआप गिअर बदलणारी गाडी धक्क्याने लागत नाही. हवेच्या नळीपाशी पेट्रोलचा बोळा धरण्याची खोड सोडा. त्यात माणसे भाजतात. गाडी लागली तरी बंद पडवीत ती चालू ठेवू नका. तो धूर वास न येता जीव घेतो.

गुरुजनहो, शेवटचे दोन शब्द तुमच्यासाठी. विज्ञानाच्या पुस्तकात निरीक्षण, अनुमान आणि प्रयोग यांचा धडा असतो. तो शाळेच्या आवारात उभ्या असलेल्या गाडीवर शिकवून पाहा. मुलांना विचारा: इंजिन फिरतं का? फिरत असेल तर कोणकोणती कारणे बाद झाली? आणि एक नियम फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा: एका वेळी एकच बदल करायचा. बॅटरी, प्लग आणि फिल्टर एकाच दिवशी बदलले आणि गाडी लागली, तर दोष कशात होता हे कधीच कळणार नाही. हा नियम गाडीपुरता नाही. पिकावरच्या रोगाला आणि घरातल्या विजेच्या बिलालाही तो लागू आहे.

आणि गाडीवाल्या बंधू-भगिनींनो, गाडीत एक छोटी वही ठेवा. कोणत्या तारखेला गाडी किती गिरक्यांत लागली, थंडी कशी होती, बॅटरी कधी घेतली, एवढेच लिहा. दसऱ्याला आपण गाडीला हार घालतो, लिंबू बांधतो. जरूर बांधा. पण त्याच दिवशी बोनेट उघडून टर्मिनल घासा, अर्थची पट्टी आवळा, पाण्याची पातळी बघा. थंडी त्यानंतरच पडायची असते. अर्ध्या तासाचे काम आहे. पुढे पौषात एखाद्या पहाटे घरात धावपळ उडेल, तेव्हा पहिल्याच चावीला गाडी लागली तर तो अर्धा तास फुकट गेला असे तुम्हांला वाटणार नाही.